मुदत पाच वर्षांची : महाराष्ट्र विधिमंडळाच्या सदस्यांना खुलं पत्र

महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेच्या सर्व सन्माननीय सदस्यांना,

सविनय नमस्कार.

मी तीस वर्षं ग्रामसेविका होते. बालाघाटाच्या डोंगरातल्या चार-पाच गावांत नोकरी झाली. या हाताने किती ठराव लिहिले त्याचा हिशेब नाही. गटार, हातपंप, शाळेची खोली, स्मशानभूमीचं शेड, दिवाबत्ती. ठराव कोणताही असो, त्याखाली दोन नावं येतातच : सूचक अमुक, अनुमोदक तमुक. एकाने मांडायचं, दुसऱ्याने दुजोरा द्यायचा, मग बाकीच्यांनी हो किंवा नाही म्हणायचं. नोकरीला लागले तेव्हा ही नुसती कारकुनी वाटायची.

२०२० साली करोनामुळे ग्रामपंचायतींच्या निवडणुका पुढे गेल्या आणि मुदत संपलेल्या गावांवर प्रशासक आले. आमच्या गावाला आलेले विस्तार अधिकारी आणखी सात गावं सांभाळत होते. माणूस सरळ होता, कामाचा होता. मासिक सभेच्या दिवशी ते वेळेवर आले. मी प्रोसिडिंग बुक उघडलं, नळयोजनेच्या दुरुस्तीचा ठराव लिहिला आणि खालच्या दोन ओळींपाशी पेन थांबलं. सूचक कोण? प्रशासक. अनुमोदक कोण? प्रशासकच. खोलीत आम्ही दोघं, बाहेर शिपाई. ठराव सर्वानुमते मंजूर झाला.

आमच्या गावाचं नशीब चांगलं. जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायतीची निवडणूक झाली आणि त्या दोन ओळींत पुन्हा माणसांची नावं आली. पण आमचीच पंचायत समिती आणि आमचीच जिल्हा परिषद मार्च २०२२ मध्ये प्रशासकाकडे गेली आणि वर्षांमागून वर्षं तशीच राहिली. मुंबईच्या मतदाराने नगरसेवकासाठी २१ फेब्रुवारी २०१७ ला मत दिलं, त्यानंतर थेट १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली होती. छत्रपती संभाजीनगरची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, नवी मुंबईची त्याच वर्षी मे महिन्यात. त्या वर्षी जे मूल पहिलीत गेलं, ते सहावीत गेलं तेव्हा कुठे त्याच्या आईवडिलांना नगरसेवक मिळाला.

आता मतदान झालं आहे, महापालिकांच्या सभागृहांत दिवे लागले आहेत. काही जिल्हा परिषदा मात्र ५० टक्क्यांच्या आरक्षण मर्यादेच्या वादात आणखी मागे राहिल्या. निकालांच्या धामधुमीत झालेला उशीर विसरला जाईल, ही भीती मला वाटते. म्हणून हे पत्र. हा उशीर पुन्हा होऊ न देणारा कायदा करणं तुमच्या हातात आहे. दिल्लीकडे बोट दाखवण्यासारखं यात फार थोडं आहे.

आधी थोडं मागचं सांगते, कारण सभागृहातल्या अनेक तरुण सदस्यांचा तेव्हा जन्मही झाला नसेल.

महाराष्ट्राने पंचायत राज कोणाकडून उसनं आणलं नाही. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ ला, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, जिल्हा परिषदा कामाला लागल्या. देशात त्याचं कौतुक झालं. पहिल्या तीन निवडणुका वेळेवर झाल्या : १९६२, १९६७, १९७२. चौथी १९७९ मध्ये. पाचवी कधी झाली असेल? १९९२ मध्ये. मध्ये तेरा वर्षं गेली. कायदा तोच, राज्य तेच, आणि ज्यांनी ही व्यवस्था उभी केली त्यांच्याच वारसांनी ती तेरा वर्षं मतदाराविना ठेवली. कारण निवडणूक कधी घ्यायची हे मुंबईत ठरत होतं. मंत्रालयाला सोयीचं नसेल तेव्हा ती पुढे ढकलता येत होती आणि कोणालाही जाब द्यावा लागत नव्हता.

हाच रोग कमी-अधिक प्रमाणात साऱ्या देशाला होता. राजीव गांधींच्या सरकारने १९८९ मध्ये ६४ वी घटनादुरुस्ती आणली, ती त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये राज्यसभेत पडली. पुढे पी. व्ही. नरसिंह रावांच्या काळात, २२ आणि २३ डिसेंबर १९९२ ला, ७३ व्या आणि ७४ व्या दुरुस्तीला संसदेने मंजुरी दिली. अयोध्येच्या घटनेला तेव्हा जेमतेम दोन आठवडे झाले होते, मुंबई जळून निघाली होती, आणि त्याच दिवसांत संसदेचं एवढं शांत, दूरचं काम पार पडलं, याचं मला अजून नवल वाटतं. निम्म्याहून अधिक राज्यांनी मान्यता दिल्यावर २४ एप्रिल १९९३ ला पंचायतींची आणि १ जून १९९३ ला नगरपालिकांची दुरुस्ती अंमलात आली.

त्यात पुष्कळ गोष्टी आहेत. पण माझ्या मते त्यातला कणा एकच आहे : कलम २४३ ई आणि शहरांसाठी २४३ यू. मुदत पाच वर्षं, पहिल्या सभेच्या दिवसापासून. नवी निवडणूक ती मुदत संपण्याआधी पूर्ण झालीच पाहिजे. संस्था बरखास्त केली तर सहा महिन्यांच्या आत. आणि ही निवडणूक घेणार राज्य निवडणूक आयोग, सरकारचं खातं नव्हे. एवढंच. पण या चार ओळींनी काय केलं पाहा. महाराष्ट्रात जिल्हा परिषदांच्या निवडणुका १९९७, २००२, २००७, २०१२, २०१७ अशा झाल्या. घड्याळ लावावं तशा. सरकारं बदलली, आघाड्या बदलल्या, दुष्काळ आले, अतिवृष्टी झाली, तारीख हलली नाही. जे तीस वर्षांत कायद्याच्या पुस्तकाला जमलं नव्हतं, ते संविधानातल्या एका मुदतीने करून दाखवलं.

त्या मुदतीने माझ्या डोळ्यांसमोर काय घडवलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

नव्या कायद्यानंतर सरपंचपदही बायकांसाठी राखीव होऊ लागलं. माझ्या एका गावात जिची सरपंच म्हणून निवड झाली, ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणारी दलित वस्तीतली बाई. अक्षरओळख नव्हती. पहिल्या सभेला नवरा पुढे बसला, ती दाराशी. सभा झाल्यावर मी बुक तिच्यापुढे ठेवलं आणि शाईचं पॅड उघडलं. ती म्हणाली, "आधी वाचा, मग अंगठा."

मी वाचलं. मध्ये तिने थांबवलं. ज्या वस्तीला बोअर पाडायचं ठरलं होतं, तिचं नाव मी लिहिताना गाळलं होतं. कोणी सांगितलं म्हणून गाळलं, ते आज लिहायला लाज वाटते. "गावात बोअर घेणे" एवढंच लिहिलं होतं. बोअर कुठे पडणार हे मग बुकाबाहेर ठरणार होतं. तिने वस्तीचं नाव घालायला लावलं आणि मगच अंगठा उठवला. पुढच्या महिन्यापासून तिने दुसरी गोष्ट केली : सभा सकाळी अकराची होती, ती संध्याकाळी सातला नेली. अकरा वाजता ती आणि तिच्यासारख्या तिघी रानात असायच्या. कोणी विरोध केला नाही, कारण नोटीस काढायचा अधिकार तिचा होता. पाच वर्षं प्रत्येक सभेचं इतिवृत्त मी मोठ्याने वाचत होते. सभा लांबायच्या, पुरुष सदस्य कंटाळायचे. पण त्या पाच वर्षांत माझ्या लिहिण्यात एकही गाळलेलं नाव राहिलं नाही.

बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याबद्दल जे परखड बोल सुनावले होते ते तुम्हाला माहीत आहेत. खेडं म्हणजे संकुचितपणाचं, अज्ञानाचं आणि जातीयतेचं डबकं, म्हणून संविधानाचा घटक त्यांनी गाव न धरता व्यक्ती धरली. गावात तीस वर्षं काढलेली बाई म्हणून सांगते, त्यांचं काही चुकलं नव्हतं. आरक्षण नसलेली पंचायत म्हणजे पाटलाची चावडीच. ७३ व्या दुरुस्तीने गावाला सत्ता दिली तेव्हा सोबत अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि बायकांना किमान एक तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्राने २०११ मध्ये बायकांचा वाटा निम्म्यावर नेला. चावडीची पंचायत होण्याची सुरुवात तिथून झाली. आणि आरक्षण हे निवडणुकीतूनच हातात येतं. निवडणूकच झाली नाही तर राखीव जागा कागदावर राहते आणि खुर्चीवर अधिकारी बसतो.

आता २०२१ नंतर काय झालं ते बघू. यात कोणा एका पक्षाचं नाव मी घेणार नाही, कारण या काळात सत्तेवर आणि विरोधात तुम्ही सगळेच बसून गेला आहात.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलं होतं की स्थानिक संस्थांत इतर मागासवर्गीयांना आरक्षण द्यायचं तर त्यांच्या मागासलेपणाची पाहणी स्वतंत्र आयोगाकडून करून घ्या, संस्थानिहाय प्रमाण ठरवा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवा. त्याला पुढे लोक त्रिसूत्री म्हणू लागले, कोर्टाच्या बातम्यांत ट्रिपल टेस्ट. अकरा वर्षं गेली. २०१२ ची निवडणूक झाली, २०१७ ची झाली, पाहणी झाली नाही. ४ मार्च २०२१ ला न्यायालयाने त्या कारणाने सरसकट २७ टक्क्यांची तरतूद रोखली, तेव्हा धावपळ सुरू झाली. ही पाहणी करणारा बांठिया आयोग नेमला गेला तो २०२२ मध्ये, त्याचा अहवाल जुलैत न्यायालयाने मान्य केला.

ओबीसींना आरक्षण मिळालंच पाहिजे याबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नाही. माझ्या गावांतले माळी, धनगर, वंजारी, सुतार, न्हावी, कुंभार यांच्यातले पहिले पंचायत समिती सदस्य त्या आरक्षणानेच निवडून आले. पण मग ती माहिती अकरा वर्षं का गोळा झाली नाही? आणि त्यांच्या हक्कासाठी म्हणून निवडणूक थांबवली, तेव्हा त्या चार-पाच वर्षांत ओबीसीचा एक तरी सदस्य जिल्हा परिषदेत बसला का? ज्यांच्या नावाने उशीर केला त्यांनाच त्या उशिराची सर्वांत जास्त किंमत मोजावी लागली. तेव्हाचे ओबीसी कार्यकर्ते पस्तिशीचे होते, आता चाळिशी उलटून गेली. राजकारणात ती पाच वर्षं परत येत नाहीत.

त्याच मार्च २०२२ मध्ये, मुंबई महापालिकेची मुदत संपली त्याच दिवशी, तुमच्या दोन्ही सभागृहांनी प्रभागरचनेचा अधिकार निवडणूक आयोगाकडून काढून सरकारकडे घेणारी विधेयकं मंजूर केली. सत्ताधारी आणि विरोधक यावर एकत्र होते. हा दिवस मला सर्वांत जास्त सलतो. १९७९ ते १९९२ मधल्या तेरा वर्षांचं मूळ जिथे होतं, तिथेच आपण परत गेलो. पुढे सरकार बदललं. मुंबईचे प्रभाग २२७ वरून २३६ झाले होते, ते पुन्हा २२७ केले. त्यावर याचिका झाल्या आणि "जैसे थे"च्या आदेशाखाली सगळं गोठलं. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला चार महिन्यांत निवडणुका पूर्ण करायला सांगितलं, ती मुदतही पाळली गेली नाही, मग सप्टेंबरमध्ये ३१ जानेवारी २०२६ ही शेवटची तारीख दिली. बहुतेक नगरपरिषदांचं मतदान २ डिसेंबर २०२५ ला झालं, महापालिकांचं १५ जानेवारीला. संविधानाने मुदत घातलेली, आणि ती पाळायला न्यायालयाला दोनदा बजावावं लागलं.

खेळाचे नियम खेळ सुरू होण्याच्या आदल्या रात्री बदलायची सवय जुनीच आहे. मुंबई सोडून बाकी शहरांत २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. त्यानंतर कायदा पुन्हा एकावर आला, मग तीनवर, मग चारवर. प्रत्येक वेळी कारण नवं, पण बदल नेहमी त्या वेळच्या सत्तेला सोयीचा. पुण्यातली माझी भाची विचारते, आमच्या गल्लीत ड्रेनेज तुंबलं तर चारपैकी कोणाकडे जायचं? गावाकडेही तेच. सरपंच थेट जनतेतून, हे २०१७ मध्ये आलं, २०२० मध्ये गेलं, २०२२ मध्ये परत आलं. थेट सरपंच बरा की सदस्यांतून निवडलेला, यावर दोन मतं असू शकतात. माझं मत थेट निवडीच्या बाजूचं आहे. पण पाच वर्षांत तीनदा बदल करायला ती काय शेताची बांधबंदिस्ती आहे?

मला लोक विचारतात, प्रशासकाच्या काळात काम कुठे अडलं? उलट कामं भराभर झाली. हा प्रश्न गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो शिकलेली, चांगली माणसं विचारतात. सदस्यांमधला टक्केवारीचा खेळ मी जवळून पाहिला आहे. बिलावर सही करण्यासाठी अडून बसलेले सदस्य पाहिले, ठेकेदाराच्या गाडीतून सभेला येणारे पाहिले. तरी सांगते, त्यातल्या तिघांना माझ्या देखत गावाने घरी बसवलं. प्रशासकाची बदली होते. त्याने केलेल्या चुकीचं पाणी गावात तुंबून राहतं आणि तो दुसऱ्या जिल्ह्यात रुजू झालेला असतो. शिवाय भराभर होतं ते काय? जे काम वरून येतं ते. खालून मागितलेलं काम भराभर होत नाही, कारण मागणारं तोंडच सभागृहात नसतं. जिल्हा परिषदेच्या सर्वसाधारण सभेत एखादा गटाचा सदस्य उठून म्हणायचा, आमच्या केंद्रात डॉक्टर तीन महिने नाही. तो ओरडायचा, पेपरात यायचं, डॉक्टर यायचा. चार वर्षं हे ओरडणं बंद होतं. ते न झालेलं ओरडणं कोणत्याही अहवालात मोजलं गेलेलं नाही.

आणखी दोन गोष्टी तुमच्या घरातल्याच आहेत. पहिली, जिल्हा नियोजन समिती. संविधानाच्या कलम २४३ झेड डी प्रमाणे तिचे किमान चार पंचमांश सदस्य हे जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या सदस्यांनी आपल्यातून निवडून द्यायचे. जिल्ह्याच्या विकासाचा पैसा कुठे जाणार हे ती समिती ठरवते. निवडून देणारेच नसतील तर ते चार पंचमांश कुठून येणार? राहतात ते पालकमंत्री, अधिकारी, आमंत्रित आणि नामनिर्देशित. कित्येक जिल्ह्यांत पैसा असाच वाटला गेला.

दुसरी गोष्ट खुद्द विधान परिषदेची. ७८ पैकी २२ जागा स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातून भरायच्या असतात. नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्यच नाहीत म्हणून त्यातल्या अनेक जागा मुदत संपल्यावर रिकाम्या पडल्या. तुमच्याच शेजारची खुर्ची रिकामी होती. ती भरायला मतदार नव्हता, आणि मतदार नव्हता कारण निवडणूक झाली नव्हती. पैशाचंही तसंच. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानासाठी रीतसर निवडून आलेलं मंडळ असण्याची अट होती, आणि त्या अटीपायी आपल्या कितीतरी संस्थांचा हक्काचा निधी अडकला.

आणीबाणीत ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांची मुदत पाचाची सहा वर्षं केली होती. देशाने ते मानलं नाही. ४४ व्या दुरुस्तीने १९७८ मध्ये ती पुन्हा पाचावर आणली. तुमच्या सभागृहाची मुदत संपून चार वर्षं निवडणूक झाली नसती आणि विधानभवनात मुख्य सचिव एकटे बसून अर्थसंकल्प मंजूर करत असते, तर महाराष्ट्र गप्प बसला असता का? त्या भवनात जे अशक्य वाटतं, ते मुंबई महापालिकेत चार अर्थसंकल्पांच्या वेळी घडलं. आयुक्तांनीच मांडला, आयुक्तांनीच प्रशासक म्हणून मंजूर केला. सूचक तेच, अनुमोदक तेच.

आता माझं मागणं.

शहरांतले प्रभाग, जिल्हा परिषदेचे गट आणि पंचायत समितीचे गण यांची रचना, आरक्षणाची सोडत आणि निवडणुकीचं वेळापत्रक, हे सगळं निवडणूक आयोगाकडे परत द्या. कायद्यातच लिहा की मुदत संपण्याआधी दीड वर्ष रचनेचं काम सुरू होईल आणि सहा महिने आधी आरक्षण जाहीर होईल. त्या दीड वर्षात निवडणुकीचा कोणताही नियम बदलला, तर तो चालू निवडणुकीला लागू होणार नाही, पुढच्या निवडणुकीला होईल. एवढं एक कलम घातलं तरी आदल्या रात्रीचे खेळ थांबतील. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच अहमदाबाद महापालिकेच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे की आयोगाने निवडणूक मुदतीतच पूर्ण करायची, सरकारच्या अडचणी हे कारण होऊ शकत नाही. ते तत्त्व तुमच्या कायद्यात उतरवा. ओबीसींची माहिती दर पाच वर्षांनी अद्ययावत करणारा कायमचा समर्पित आयोग ठेवा, म्हणजे न्यायालयात दाखवायला ऐनवेळी कागद शोधावे लागणार नाहीत.

अपवाद म्हणून महापूर, भूकंप, साथ आलीच, तर प्रशासकाला फक्त रोजचं काम सांभाळू द्या. नवं धोरण, नवा कर, जमिनीचं आरक्षण बदलणं, मोठे ठेके त्याला करता येऊ नयेत. आणि सहा महिन्यांनी त्याचा अधिकार आपोआप संपावा.

दुसरं मागणं थोडं मोठं आहे. कलम २४३ जी मध्ये पंचायतींना अधिकार द्यायचे की नाही हे तुमच्या मर्जीवर ठेवलं आहे. विधिमंडळाला ते देता येतील, असं तिथे आहे, दिलेच पाहिजेत असं नाही. अकराव्या अनुसूचीत २९ विषय लिहिले, बाराव्यात शहरांसाठी १८, आणि ते तेहतीस वर्षं अनुसूचीतच आहेत. शाळा गावात, पण शिक्षकाच्या रजेवर ग्रामपंचायतीचा शब्द चालत नाही. तलाव गावाचा, पण त्यातला मासा कोणाला द्यायचा हे कुठे कुठे दुसरंच खातं ठरवतं. पाण्याची योजना बांधताना विचारत नाहीत, बांधून झाल्यावर "ताब्यात घ्या" म्हणून पत्र येतं, आणि वीजबिल थकलं की ग्रामपंचायतीचं कनेक्शन तुटतं. केरळने १९९६ पासून राज्याच्या नियोजनातला ३५ ते ४० टक्के निधी थेट स्थानिक संस्थांच्या हाती द्यायला सुरुवात केली आणि लोकांनी आपल्या वॉर्डाचे आराखडे स्वतः केले. १९६२ चा महाराष्ट्र त्यांच्या पुढे होता. आज आपण त्यांच्याकडून शिकायला हवं, यात कमीपणा नाही.

आपल्याकडेही उदाहरण आहे. गडचिरोलीतलं मेंढा लेखा. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा त्या गोंड गावाची. त्यांनी वर्षानुवर्षं ग्रामसभेत एकमत होईपर्यंत बसायची सवय लावून घेतली, २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये स्वतःच्या बांबूची वाहतूक परवानगी स्वतः द्यायला लागले. माझ्या गावांत ग्रामसभा म्हणजे कोरमसाठी धावाधाव. मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. ते जमत नाहीत म्हणून सभा तहकूब, मग पुढच्या सभेला कोरमची अटच नाही, दहा-बारा माणसांत ठराव मंजूर. लोक आळशी आहेत म्हणून असं होतं, हे मी मानत नाही. ज्या सभेत खरोखर काही ठरतं त्या सभेला लोक येतात. मेंढ्यात बांबू ठरत होता. आमच्याकडे वरून ठरून आलेली यादी वाचली जात होती.

म्हणून तुमच्या सभागृहाने ठराव करून संसदेला शिफारस करावी की २४३ जी आणि शहरांसाठीच्या २४३ डब्ल्यू मधली ही मर्जी काढून तिथे बंधन घाला. संसद ऐकेल न ऐकेल. पण महाराष्ट्राने १९६२ मध्ये जसा रस्ता दाखवला तसा आता दाखवायला काय हरकत आहे? तोवर जे अधिकार तुमच्याच कायद्यांनी देता येतात, ते द्या. मला माहीत आहे, आमदाराला वाटतं की सरपंच आणि जिल्हा परिषद सदस्य मोठे झाले तर आपलं काय राहील. रस्त्याचं भूमिपूजन कोण करणार, निधीच्या फलकावर कोणाचं नाव. ही भीती खरी आहे आणि ती कुणी उघड बोलत नाही, म्हणून मी लिहिते. पण तुम्हाला आम्ही कायदे करायला पाठवतो. पेव्हर ब्लॉकचं काम सरपंचाला करू द्या.

बायकांबद्दल एक सांगते आणि थांबते. गावात आणि शहरात निम्म्या जागांवर बाया निवडून येतात. २०२४ च्या निवडणुकीनंतर २८८ च्या विधानसभेत महिला आमदार पंचवीससुद्धा नाहीत. संसदेने २०२३ मध्ये १०६ व्या दुरुस्तीने एक तृतीयांश जागांची तरतूद केली, पण ती जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधली. पुढे ज्या बाया तुमच्या शेजारी येऊन बसणार आहेत, त्यांचं शिक्षण जिल्हा परिषदेत आणि नगरपालिकेत होतं. ती शाळा चार वर्षं बंद होती. महिला सरपंचांवर काय काय डाव टाकले जातात तेही तुम्ही जाणता. जळगाव जिल्ह्यातल्या एका महिला सरपंचाला अपात्र ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये तिचं पद तिला परत दिलं आणि निवडून आलेल्या बाईला असं सहज बाजूला सारण्याच्या वृत्तीवर कडक शब्दांत बोट ठेवलं. तिला दिल्लीपर्यंत जायची वेळ का आली, यावर तुमच्या महिला व बालकल्याण समितीने एकदा तरी बसून बोलावं.

आताच्या महापालिकांची मुदत २०३१ च्या सुरुवातीला संपेल. वर लिहिलेलं दीड वर्ष मोजलं तर रचनेचं काम २०२९ च्या मध्यावर सुरू व्हायला हवं. म्हणजे कायदा त्याआधी हवा, याच विधानसभेकडून हवा. हातात अधिवेशनं मोजकी आहेत.

या पत्राचं उत्तर मला पोस्टाने नको. ते सभागृहात द्या, म्हणजे कामकाजात त्याची नोंद राहील. विधेयक कोणी मांडलं, कोणी पाठिंबा दिला, कोणी विरोध केला, सगळं नावानिशी. ती सरपंचबाई आता सत्तरीला आली आहे, नजर अधू झाली आहे, पण ऐकायला येतं. तुमची नोंद मिळाली की मी तिच्या ओट्यावर जाऊन वाचून दाखवणार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त ग्रामसेविका